बॅडमिंटन डबल्स खेळायला रॅकेट निवडताना माझी झालेली चूक आणि नंतर काय केलं

मी आठवड्यातून चार दिवस खेळतो, जवळपास सगळं डबल्सच, तरी पहिली चांगली रॅकेट घेताना डोक्यात फक्त स्मॅश होता. हेड हेवी म्हणजे डोक्याकडे जड घेतली, शाफ्ट (मधली दांडी) एकदम स्टिफ, वजन 3यू म्हणजे 85 ते 89 ग्रॅम, आणि वर 28 पाउंड ताणाचं गटिंग (जाळीची तार). पहिले दोन दिवस जाम भारी वाटलं, शटल खणखणीत लागायचं. पण नेटजवळ उभा राहिलो की समोरून ड्राइव्ह (वेगाने येणारा सपाट फटका) आला तर रॅकेट वेळेत वर यायचीच नाही, आणि डिफेन्सला लागोपाठ दुसरा स्मॅश आला की पॉइंट गेलाच. तीन आठवड्यांत कोपर दुखायला लागलं.

नंतर कळलं की स्टिफ शाफ्ट वाकायला स्विंगला तसा वेग लागतो, तो नसेल तर शटल मागच्या लाइनपर्यंत पोचत नाही आणि मग आपण नुसता हाताने जोर लावत बसतो, माझं नेमकं तेच चाललं होतं.

मग पंधरा दिवस ग्रुपमधल्या सगळ्यांच्या रॅकेट मागून मागून खेळलो. प्रत्येक रॅकेट आडवी करून शाफ्टखाली बोट ठेवायचं, जिथे तोल सांभाळला जातो तिथपासून हँडलच्या बुडापर्यंत टेपने मोजायचं. आकडा जितका मोठा तितकी रॅकेट डोक्याकडे जड. माझी 300 मिमीच्या वर गेली, 285 च्या आसपास असलेल्या दोन रॅकेटनी मात्र डिफेन्सला हात कसा मोकळा सुटतो ते दाखवलं. मोजताना गटिंग आणि ग्रिप लावलेली असू द्या, कारण नुसत्या ओव्हरग्रिपनेही (ग्रिपवर गुंडाळायची पातळ पट्टी) तोल हँडलकडे सरकतो.

शेवटी 4यू (3यू पेक्षा हलकी), इव्हन बॅलन्स (तोल मधोमध), मिडियम फ्लेक्स (शाफ्ट मध्यम वाकणारी) घेतली. योनेक्समध्ये बघत असाल तर ढोबळमानाने अ‍ॅस्ट्रॉक्स हेड हेवी, नॅनोफ्लेअर हेड लाइट आणि आर्कसेबर मधली, पण मॉडेलनुसार फ्लेक्स बदलतो, तो बघूनच घ्या.

बजेटचं म्हणाल तर माझं मत पक्कं आहे. फ्रेम आणि शाफ्ट दोन्ही ग्रॅफाइट असेपर्यंत पैसे वाढवा, त्यापुढे मला तरी खेळात फारसा फरक जाणवला नाही, उरलेले पैसे गटिंगला ठेवा. मी योनेक्सचं बीजी 65 गटिंग घातलं, 0.70 मिमी जाड आहे त्यामुळे टिकतं, आणि टेन्शन (तारेचा ताण) 24 पाउंडवर आणलं. शटल मधोमध नाही लागलं तरी आता मागे जातं, कोपरही महिनाभरात शांत झालं. रॅकेटवर टेन्शनची मर्यादा छापलेली असते ती मात्र वाचाच, स्वस्त फ्रेमवर हौसेने जास्त ओढलं तर फ्रेमच जाते.

जुनी रॅकेट सिंगल्सवाल्या मित्राला दिली, त्याचा स्विंग लांब आणि मोकळा, त्याच्या हातून तीच रॅकेट क्लिअर (उंच, मागे जाणारा फटका) थेट बेसलाइनवर टाकते.