वेदीच्या आडोशाला

बायबलातील आमोस या संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या, पुस्तकातील नवव्या अध्यायाची पहिली चार वचने आमच्या नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळीत वाचली जातात, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सातपुडा उभा राहतो, आणि ते साहजिकच आहे. लोक अधोलोकापर्यंत खणत गेले तरी परमेश्वराचा हात त्यांना तेथून ओढून काढील, आकाशात चढले तरी तो त्यांना खाली आणील, कर्मेलाच्या माथ्यावर दडले तरी हुडकून काढील आणि समुद्राच्या तळाशी गेले तर तेथल्या सर्पाला डसण्याची आज्ञा करील, असा त्यांचा आशय आहे. कर्मेल हा चुनखडीचा, गुहांचा आणि दाट झाडीचा डोंगर. उंची मात्र साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या तोरणमाळच्या जेमतेम निम्मी. डोंगर माणसाला लपवतो हे खानदेशाला कोणी सांगायला नको. १८१८ साली येथे इंग्रजांचा अंमल आला, तेव्हा सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या रांगांत आसरा घेतलेले भिल्ल त्यांच्या फौजेला आवरेनात, आणि अखेर १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याला धरणगावात भिल्लांचीच पलटण उभारावी लागली. राज्यकर्त्यांना पुरून उरणारे डोंगर परमेश्वरापुढे आडोसा ठरत नाहीत, हा त्या वचनांचा सरळ अर्थ झाला आणि बहुतेक प्रवचने एवढ्यावरच आटोपतात.

मला मात्र वाटते की एवढ्यावर आटोपल्याने वचनांची धार बोथट होते. त्या अध्यायाचे पहिलेच वाक्य असे आहे की संदेष्ट्याला प्रभू वेदीजवळ उभा असलेला दिसला, आणि आघाताची आज्ञा निघाली ती मंदिराच्या खांबांवर. म्हणजे पळ काढणारी माणसे कोणी दरोडेखोर किंवा परधर्मीय नव्हेत. ती नुकतीच उपासनेला उभी होती. आमोस हा दक्षिणेकडील तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. इसवी सनपूर्व ७६० च्या सुमारास, इस्राएलाचा राजा दुसरा यराबाम याच्या भरभराटीच्या काळात, तो उत्तरेकडील बेथेलात बोलत होता. तेथे सण वेळच्या वेळी होत होते, अर्पणे येत होती, गायन चालू होते. त्याच लोकांविषयी आठव्या अध्यायात तो सांगतो की शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, कधी संपेल आणि आपण धान्य कधी विकायला काढू याची त्यांना घाई झालेली असते, माप लहान करून, दाम वाढवून आणि खोटा काटा लावून ते गरिबाला नाडतात आणि गव्हाबरोबर त्याचे भूसही विकतात.

आपल्याकडे याला ‘मापात पाप’ म्हणतात. कापसाच्या खेडा खरेदीत ते मी जवळून पाहिले आहे. गाडी उभी असते, काट्यावर गाठोडे चढते, शेतकरी आकड्याकडे पाहत असतो आणि त्याच वेळी मापाड्याचा अंगठा गाठोड्याच्या खालच्या कडेला, वरच्या दिशेने, अगदी सहज टेकलेला असतो. आमच्या गल्लीतल्या एक आजी अशा वेळी अहिराणीत म्हणतात, “देव बठ्ठं देखस,” म्हणजे देव सगळे पाहतो. वाक्य शंभर टक्के खरे आहे, फक्त आपण सारे ते नेहमी दुसऱ्याच्या अंगठ्याकडे पाहून म्हणतो.

यिर्मया या पुढच्या काळातील संदेष्ट्याने हा धागा आणखी ताणला आहे. सातव्या अध्यायात तो यरुशलेमेतील मंदिराच्या दारात उभा राहून आत जाणाऱ्यांना सांगतो की “परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर” या घोषावर विसंबू नका. तुम्ही चोरी, खून, व्यभिचार करता आणि मग येथे येऊन आपण सुटलो असे म्हणता; तेव्हा हे घर तुम्हांला लुटारूंची गुहा वाटते काय, असा त्याचा सवाल आहे. लुटारू गुहेत लूट करत नाही. लूट बाहेर करून तो गुहेत निर्धास्त बसतो. हे ध्यानात घेतले की मंदिर हेच लपण्याचे ठिकाण झाले होते हा आरोप किती थेट आहे ते कळते, आणि येशूनेही मंदिरातील विक्रेत्यांना बाहेर काढताना हेच शब्द उचलले.

यहेज्केलाच्या आठव्या अध्यायातील दृश्य तर मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. बाबेलात बंदिवासात असलेल्या या संदेष्ट्याला दृष्टान्तात यरुशलेमेतील मंदिराकडे नेले जाते, तेथे भिंतीला एक भोक दिसते, ते खणायला सांगितले जाते आणि पलीकडे दार निघते. आत चारही भिंतींवर सरपटणाऱ्या प्राण्यांची आणि मूर्तींची चित्रे कोरलेली आहेत, सत्तर वडील हातात धुपाटणी घेऊन अंधारात उभे आहेत, आणि त्यांचे म्हणणे असे की परमेश्वर आम्हांला पाहत नाही. डोंगर नको, समुद्र नको. मंदिराच्याच एका खोलीत दिवा न लावण्याची व्यवस्था पुरली. (वडील म्हणजे मंडळीचे पुढारी, हे मुद्दाम सांगतो, आमच्याकडे हा अध्याय फारसा कोणी निवडत नाही.)

बायबलाचे शेवटचे पुस्तक असलेल्या प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात डोंगर पुन्हा येतात. राजे, सरदार, धनवान, दास आणि स्वतंत्र, सारे गुहांत आणि खडकांत दडतात आणि आमच्यावर पडा, आम्हांला लपवा, अशी डोंगरांनाच विनवणी करतात. ही हाक होशेय या संदेष्ट्याने कितीतरी आधी नोंदवली होती. दरड अंगावर घेण्याची तयारी आहे, पण समोरासमोर उभे राहण्याची नाही. आणि ज्याच्या क्रोधापासून ते लपू पाहतात तो वधलेला कोकरा, म्हणजे ख्रिस्त, आहे.

शेवटी एकशे एकोणचाळीसाव्या स्तोत्राविषयी, कारण त्यात आमोसाचाच नकाशा आहे: आकाश, अधोलोक, समुद्राचा पलीकडचा काठ. तेथेही परमेश्वराचा हात पोहोचतो, पण तो धरून चालवणारा हात आहे, म्हणून हे स्तोत्र आपण आजाऱ्याच्या उशाशी वाचतो. वाचताना एकोणिसाव्या वचनापासूनचा भाग गाळण्याची पद्धत पडली आहे, कारण तेथे कवी दुर्जनांवर संतापून, मी त्यांचा पुरेपूर द्वेष करतो, असे बोलून जातो. माझ्या मते तो भाग गाळू नये. दुसऱ्यांविषयी इतके बोलून झाल्यावर पुढच्याच वचनात तो देवाला म्हणतो की आता माझी झडती घे.