ती गाडी अजून का ठेवलीयेस? तुम्ही विचारलंत म्हणून

इथं जपानातल्या गणपतीत, सांगलीला कुणाच्या लग्नात, रविवारच्या व्हिडिओ कॉलवर, सगळीकडे तोच प्रश्न. एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच पाठवेन.

गाडी म्हणजे 1990 ची माझदा आरएक्स-7, एफसी, म्हणजे दुसऱ्या पिढीचं मॉडेल. इंजिन रोटरी, आत पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात. माझी आहे, मिस्टरांची नाही. त्यांना क्लचचं वावडं आहे.

तुमचे मुद्दे मला पाठ आहेत. पेट्रोल पिते? पिते. ऑइल जाळते? जाळते, पण तो बिघाड नाही. रोटरच्या टोकांवरच्या सीलना वंगण मिळावं म्हणून थोडं ऑइल आत सोडलंच जातं. जपानात तेरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला साधारण 15 टक्के जादा कर. त्यात इंजिन 1308 सीसीचं असूनही रोटरी म्हणून दीडपट धरतात, म्हणजे कर भरायचा 1962 सीसीचा. दर दोन वर्षांनी शाकेन, म्हणजे सरकारी तपासणी, ती वेगळीच. थंड गाडी दोन फूट सरकवून लगेच बंद केलीत तर प्लग पेट्रोलनं भिजतात, मग बसा स्टार्टर मारत. आणि "भारतात घेऊन ये ना" म्हणणाऱ्यांनो, तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी तिकडे आणू देत नाहीत.

मग का? माझदानं 1961 मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून रोटरीचं लायसन्स घेतलं, तेव्हा ते इंजिन टिकतच नव्हतं. तिकोनी रोटरच्या टोकावरची सील आतल्या भिंतीवर थरथरायची आणि ओरखडे पडायचे. हिरोशिमातले इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. केनिची यामामोतो आणि त्यांच्या हाताखालची माणसं त्या ओरखड्यांपायी वर्षानुवर्षं झिजली. शेवटी कार्बन आणि ॲल्युमिनियमची सील चालली आणि 1967 मध्ये माझदाची रोटरी गाडी, कॉस्मो स्पोर्ट, बाजारात आली. 1973 च्या तेलसंकटानंतर बाकीच्यांनी रोटरीचा नाद सोडला. यांनी 1978 मध्ये आरएक्स-7 काढली. 1991 ला फ्रान्समधली 24 तासांची ल मांची शर्यतही जिंकली. हिशोबात न बसणारं काम इतकी वर्षं कुणी रेटलं, तर मला त्याचं कौतुक वाटतं. आणि खरं सांगायचं तर पेट्रोल पंपावर म्हातारे थांबून गाडी बघतात, तेही आवडतं. इंजिन इतकं गुळगुळीत फिरतं की आरपीएमच्या काट्याची लाल रेघ जवळ आल्याचं कानाला कळत नाही, म्हणून बझर दिलाय.

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगते.

अण्णा इथं आले होते तेव्हा गाडी गरम असताना सुरू व्हायला कुरकुरायला लागली. मी त्यांना गॅरेजला घेऊन गेले. अण्णांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये, डिझेलवर. रोटरी त्यांनी कधी उघडी पाहिली नव्हती. मेकॅनिकनं कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा किती दाबली जाते ते, मोजलं, कागदावर दोन रोटरचे दोन त्रिकोण काढले आणि प्रत्येक बाजूला आकडा लिहिला. पुढचा रोटर ठीक होता. मागच्यावर 7.8, 5.5, 5.4. सहाच्या खाली म्हणजे इंजिन उघडायचं. मेकॅनिक काही बोलेना. अण्णांनी चष्मा वर केला, कागद ओढून घेतला आणि दोन कमी आकड्यांच्या मधल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ह्यो कोपरा गेलाय. दोन्हीकडची हवा हितनंच जातीय." जपानीचा एक शब्द येत नसताना! मेकॅनिक हसला, मान डोलावली. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

आणि मग अण्णा म्हणाले, "इकून टाक."

मला ते लागलं. यंत्र टाकून द्यायचं नसतं हे मी ज्यांच्याकडून शिकले, त्यांनीच हे म्हणावं? मी भांडले, तिथंच, मेकॅनिकसमोर, मराठीत. ते शांत. "सील मिळंल गं. ज्या भिंतीवर ती घासलीय ती मिळंल का? आणि आज मिळाली, धा वर्सांनी?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझदानं 2020 च्या शेवटी एफसीचे काही पार्ट पुन्हा काढले, हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. "काही," अण्णा म्हणाले.

इंजिन मी बांधून घेतलं. किती लागले ते अण्णांना सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

गाडी घेतानाच मी वहीत लिहून ठेवलं होतं: सहाच्या खाली गेली की विकायची. ती वही अजून आहे. पण ते लिहिणारीला सहा हा आकडा पुस्तकातून माहीत होता. तिला काय कळतं, असं मी म्हणते. तुला तरी हिशोब कुठं कळतो, असं ती म्हणते, आणि यात तिचं चुकतंय असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. अण्णांचंही.

मे महिन्यात कराचं पत्र येईल. तेव्हा आमचं तिघांचं पुन्हा वाजेल. तोवर विचारू नका.