रेसर चालतो, पीए चालत नाही

आमच्या मामेभावाचं जमलं हे कळलं तेव्हा मला वाटलं पोरीच्या घरचे आडवे जातील. पोरगा रॅलीत गाडी चालवतो, म्हणजे कच्च्या रस्त्याने धुरळा उडवत गाडी हाणायची, वर बराचसा पैसा स्वतःच्याच खिशातला, आपल्या खान्देशात ट्रॅक नाही की काही नाही, सर्किटवर चालवायची तर थेट कोइम्बतूर नाहीतर चेन्नई गाठा. पण झालं उलटंच, पोरीच्या वडिलांनी कोणती गाडी, किती सीसी विचारत दोनदा चहा पाजला. अडून बसली ती आमची अमळनेरची मामी! कारण पोरगी एका साहेबांची पीए आणि पुढे तिला स्वतःला झेडपीला उभं राहायचंय. मामीचं एकच, "पोरगी राजकारन करस, मंग घर कोन देखी?"

आता बोला. पोराने जीव धोक्यात घातलेला चालतो, सुनेने तिकीट मागितलेलं नाही.

यांचं जमलं कसं तर 2024 च्या विधानसभेला. 29 ऑक्टोबर, अर्जाचा शेवटचा दिवस, दुपारी 3 ला खिडकी बंद, आणि पक्षाने साहेबांचा एबी फॉर्म, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारा पक्षाचा कागद, शेवटपर्यंत लटकवलेला. तो व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही, झेरॉक्सही नाही, शाईच्या सहीचा मूळ कागदच लागतो. जळगावहून तापीपलीकडे तालुक्याला पोचवायचा होता, कोणीतरी म्हटलं अरे आपला रेसर आहे ना, बोलवा त्याला. आणि हा पठ्ठ्या साठच्या वर जाईना! पुढे कापसाचे ट्रॅक्टर, केळीचे ट्रक, दिवाळीची गर्दी, मांडीवर फाईल घेऊन बसलेली ती मॅडम दर दोन मिनिटाला घड्याळ बघतेय, शेवटी भडकलीच, "तुम्ही रेसर कशाचे हो?" तर हा म्हणे, "स्टेजला, म्हणजे रॅलीत गाडी पळवायच्या टप्प्याला, रस्ता बंद असतो मॅडम, समोरून कोणी येत नाही. इथे समोरच्याला माहितीये का आपली रेस चालूये ते?" अडीचला पोचले. साहेब खूश, आणि ही त्या दिवसापासून त्याला अहो-जाहो सोडून अरे-तुरे.

मग तिने रॅलीचं सगळं खोदून खोदून विचारलं. गाड्या एकामागून एक सोडतात, बाजूला बसलेला कोड्रायव्हर आधी रस्ता बघून लिहिलेल्या नोट्स वाचत जातो आणि ड्रायव्हर डोळ्याला दिसायच्या आधी त्याच्या शब्दावर वळण घेतो. तिला सगळ्यात आवडला तो टाइम कंट्रोलचा, म्हणजे ठरल्या वेळी हजेरी लावायच्या नाक्याचा नियम, उशिरा पोचलं तर दंड आहेच पण वेळेआधी हजेरी लावली तर त्याहून जास्त. म्हणे हे आमच्या इच्छुकांना शिकवायला पाहिजे. आता शेवभाजी खायला निघाले तरी शेजारी बसून सुरू, "उजवं तीन, आवळत जातं, आत कापू नको". तीन म्हणजे वळण किती तीव्र त्याचा आकडा.

लोक तिला म्हणतात झेडपीत बायकांना 50 टक्के आरक्षण आहे, तुझं काय, चिठ्ठी निघाली की झालं. याचा तिला जाम राग येतो आणि मला विचाराल तर बरोबर येतो, कोणत्या बूथवर कोण कोणावर रुसलंय हे त्या पोरीला तोंडपाठ आहे, साहेबांनाही नसेल. रॅलीत निदान हेल्मेट असतं, गाडी उलटली तरी माणूस चेपू नये म्हणून आत लोखंडी पिंजरा, रोलकेज असतो, स्टेजला अँब्युलन्स उभी असते. तिच्या धंद्यात उलटलात तर उचलायला कोणी येत नाही.

मामी कशी वळली? तिच्या भावाचा केळीचा पीकविमा अडकला होता, पोरीने कागद बघितले, दोन फोन केले, काम झालं. तत्त्वबित्त्व काही नाही! आता गावभर "आमची सून".

लग्नाची तारीख मात्र ठरेना. याचं रॅलीचं कॅलेंडर, तिची आचारसंहितेची धास्ती, दोन्ही बघून मामाने जो दिवस काढला तो भटजींना पसंत नाही. आणि दिवस निघाला तरी पत्रिकेवर प्रमुख उपस्थिती कोणाची छापायची? साहेबांचं नाव टाकलं तर मामाच्या भाऊबंदकीतला अर्धा गाव विरोधी गटाचा, तो जेवायला येणार नाही. मामा म्हणतो फक्त गणपती छापा.