एकच निबंध, वेगवेगळे गुण

आज देवगडात आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद (शिक्षकांची बैठक) झाली. विषय भाषेच्या मूल्यमापनाचा. चौथीतल्या एका मुलाचा निबंध नाव झाकून सगळ्यांना वाटला आणि कोणाशी न बोलता 10 पैकी गुण द्यायला सांगितले. कोणी 4 दिले, कोणी 8!

निबंध पावसाळ्यातल्या घराचा. 1 जूनपासून मासेमारी बंद, होडी वर ओढलेली, बाबा पडवीत जाळी दुरुस्त करतायत, आजी सुकट डब्यात भरतेय. ऱ्हस्व-दीर्घ जागोजाग चुकलेलं, मध्येच मालवणी वाक्यं. 4 देणाऱ्यांनी चुका मोजल्या होत्या, 8 देणाऱ्यांना ती पडवी दिसली होती. मला दुसरे जास्त पटले. पण नुसतं 'छान लिहिलंय' म्हटल्याने मुलाला पुढची वाट कळत नाही.

मग तासभर चर्चा. आशय, क्रम, वाक्यरचना, शुद्धलेखन असे निकष वेगळे केले, प्रत्येकाच्या पातळ्या ठरवल्या आणि निबंध पुन्हा तपासला. गुण बरेच जवळ आले. त्याहून मोलाचं म्हणजे या मुलाला आता काय शिकवायचं ते स्पष्ट झालं: आशय भक्कम आहे, विरामचिन्हांवर काम हवं.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे मुलाची प्रगती सतत आणि सर्व अंगांनी पाहणं, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. नोंदी आपण सगळेच लिहितो, पण असं एकत्र बसून तपासणं क्वचितच होतं. ते दर परिषदेत व्हायला हवं. पुढच्या वेळी मुलांच्या प्रकट वाचनाचं मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकूया. केंद्रातल्या ज्यांना आणता येईल त्यांनी मला जरूर कळवा.