सांगितलं की करतो

मी इंदूरमध्ये मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या पुनर्वसनासाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत समाजकार्यकर्ती आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचे अर्ज भरणे, औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावणे आणि वैद्यकीय मंडळासमोर कुटुंबाबरोबर जाणे हे माझे नेहमीचे काम. 2019 च्या पावसाळ्यात एका कुटुंबाची कागदपत्रे मी बिनचूक लावली आणि तरीही त्यांचे नुकसान माझ्या हातून झाले, म्हणून ते प्रकरण लिहून ठेवत आहे.

रामबागेत राहणाऱ्या त्या काकूंचे यजमान टपाल खात्यात होते. त्यांच्या पश्चात मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनावर काकू आणि त्यांचा 31 वर्षांचा मुलगा राहत होते. चार वर्षांपूर्वी मुलाला स्किझोफ्रेनिया झाला आणि कापडाच्या दुकानातील हिशेबाचे काम सुटले. मानसिक विकारामुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्याला केंद्रीय नियमांनुसार आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, हे काकूंना कोणीतरी सांगितले होते. "माझ्यामागे याला कोण बघेल?" हा एकच प्रश्न घेऊन त्या आमच्याकडे आल्या होत्या. त्या वाटेवरचा पहिला टप्पा प्रमाणपत्राचा होता.

मानसिक आजारातील दिव्यांगत्व 'आयडियाज' या मोजपट्टीने ठरवतात. ती इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने तयार केली असून तेव्हा लागू असलेल्या 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तीच स्वीकारलेली होती. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम अशा चार बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण देतात, त्यांत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवतात, आणि 20 पैकी बेरीज 7 किंवा अधिक झाली तर दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून अधिक धरले जाते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील बहुतेक महत्त्वाच्या सवलतींचे दार याच 40 टक्क्यांवर उघडते. गुण मात्र रक्ताच्या तपासणीतून येत नाहीत, ते रुग्ण आणि त्याच्याबरोबर राहणारे माणूस काय सांगते त्यातून येतात.

मंडळासमोर मुलगा इस्त्रीचा सदरा घालून, दाढी करून, नखे कापून बसला होता. डॉक्टरांनी काकूंना विचारले, "खुद से नहाता है? कपड़े बदलता है?" काकू ताठ बसून म्हणाल्या, "हाँ जी, सब खुद करता है. बहुत समझदार है." मुलानेही तारीख, वार, मुख्यमंत्र्यांचे नाव, सगळे बरोबर सांगितले. दहा मिनिटांत ते आटोपले. स्वतःच्या काळजीला शून्य, संबंधांना एक, संवादाला शून्य, कामाला तीन आणि चार वर्षांच्या आजाराचे दोन, अशी बेरीज सहा झाली. एका गुणाने सगळे अडले.

मी मनातून मंडळावर चिडले होते. नंतर काकूंच्या घरी चहा घेताना मी सहज विचारले की सकाळी त्याला तयार व्हायला किती वेळ लागला. काकूंनी सांगितले की पहाटे साडेचारपासून त्या त्याच्या मागे होत्या, आंघोळीला सहा वेळा हाका मारल्या, दाढी समोर बसून करवून घेतली, नखे स्वतः कापली. "पण मग काकू, तिथे सगळं स्वतः करतो असं का सांगितलंत?" त्यांना माझा प्रश्नच कळेना. "करतो की. सांगितलं की करतो."

त्या खोटे बोलल्या नव्हत्या. चार वर्षे दिवसभर जे त्या करत होत्या ते त्यांच्या लेखी काम नव्हतेच, आणि म्हणून त्यांचे सगळे कष्ट मंडळाच्या कागदावर मुलाची क्षमता म्हणून जमा झाले. त्यांना हा फरक आधी सांगणे माझे काम होते. मी झेरॉक्सच्या प्रती मोजत बसले होते.

कायद्याच्या कलम 59 नुसार अपील करता येते. ते करण्याआधी मी काकूंना दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर रोज लिहायला सांगितले: कोणत्या कामाला किती वेळा सांगावे लागले, आणि सांगूनही काय झाले नाही. हे मुलाच्या नकळत करणे मला पटले नाही. त्याच्याच समोर त्याच्या उणिवा वाचल्या जाणार होत्या, त्यामुळे त्याची संमती हवी होती. त्याने दोन दिवस उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "लिहू दे तिला. पण न सांगता केलेलंही लिहायचं." ती अट अगदी रास्त होती. त्याप्रमाणे तुळशीला पाणी घालणे आणि रात्री दाराची कडी लावणे या दोन गोष्टी वहीत जवळजवळ रोज आल्या.

दुसऱ्या मंडळासमोर काकू महिनाभराची वही वाचू लागल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता. लेकाबद्दल असे चार परक्या माणसांत बोलणे त्यांना किती जड जात होते, ते मला शेजारी बसून कळत होते. मध्येच मुलगा म्हणाला, "शनिवारी तीनदा सांगितलं होतंस. तू एकदाच लिहिलं आहेस." काकू थांबल्या. डॉक्टरांनी कागदावरून मान वर करून, त्या दिवशी पहिल्यांदाच, थेट त्याला विचारले, "और अगर माँ न बोले तो?"

"तो बैठा रहता हूँ," तो म्हणाला. "शाम हो जाती है."

स्वतःच्या काळजीच्या रकान्यात शून्याऐवजी दोन आले, संबंधांत दोन, संवादात एक. कामाचे आणि कालावधीचे गुण तेच राहिले. बेरीज दहा झाली. प्रमाणपत्र तात्पुरते मिळाले, म्हणजे काही वर्षांनी पुन्हा तपासणी होणार, आणि निवृत्तिवेतनाचे कागद अजून व्हायचे होते. बाहेर पाऊस लागला होता. काकूंनी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पदराखाली धरली, आणि मुलाला छत्री उघडायला सांगितले.