कांदा-लसूण मसाल्याचा डबा घेऊन जर्मनीत

जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा व्हिसाच्या कागदांपेक्षा मला जेवणाचीच काळजी जास्त. आम्ही कोल्हापूरचे. मी मटण, मासे, कोंबडी सगळं खाते, गाईबैलाचं तेवढं नाही. आमचे हे पक्के शाकाहारी, अंडं फक्त चालतं. मे महिन्याचे शेवटचे दोन आठवडे काढले होते. फ्रँकफर्टला उतरायचं, तिथून कोलोन, न्युरेंबर्ग, म्युनिक आणि शेवटी स्टुटगार्टला भाच्याकडे. नणंदेचा हा मुलगा नऊ वर्षं तिथं नोकरीला आहे. दुधातुपाचं आणि मटणाचं काही सामानातून आणता येत नाही, हे त्यानं आधीच बजावलं होतं, म्हणून तूप घरी राहिलं. मसाल्याला मात्र हरकत नव्हती. पाव किलो कांदा-लसूण मसाला स्टीलच्या डब्यात, झाकणाला चिकटपट्टी, वर तीन पिशव्या. तरी साड्यांना वास लागायचा तो लागलाच.

पहिल्या संध्याकाळी भाचा गाडीनं फ्रँकफर्टला आला आणि आम्हाला झाक्सनहाउझन भागातल्या एका जुन्या खाणावळीत घेऊन गेला. लांबलचक लाकडी बाकं, अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. बसण्याआधी ‘इथं जागा आहे का’ एवढं विचारायचं, की झालं. त्यानं आम्हा दोघांसाठी ‘ग्र्युने झोसे’ मागवली, म्हणजे हिरवा सॉस. ताटात उकडलेले बटाटे, अर्धी चिरलेली उकडलेली अंडी आणि त्यांच्याखाली थंडगार हिरवं पातळसं काहीतरी. मला तर ते तापातून उठलेल्या माणसाचं जेवण वाटलं. भाचा हात धुवायला गेला तेवढ्यात मी पर्समधून डबा काढला आणि टेबलाखालून चमचाभर मसाला भुरभुरला.

वाट लागली. हा मसाला तेलाबरोबर भाकरीवर खुलतो. त्या थंड मलईवर तो नुसता जळजळला आणि खालचं सगळं झाकून गेलं. भाचा परत आला, ताटाचा रंग बघितला आणि काही न बोलता स्वतःचं ताट माझ्यापुढं सरकवलं. “मामी, इथं तिखट नका शोधू. आंबट शोधा.”

मग मी नीट खाल्लं. आधी साय-दह्याचा गारवा, मग एक आंबटपणा, आणि तो व्हिनेगरचा एकट्याचा नव्हता, पाल्याचा होता. त्या सॉसमध्ये सात पाले लागतात, बारीक चिरून, कच्चे: पार्सली, चाइव्ह्ज, चेर्विल, बोरेज, बर्नेट, सॉरेल आणि क्रेस. यातलं सॉरेल म्हणजे आपल्या चुक्याचं भावंड, आंबटपणा येतो तो त्यातूनच. आणि क्रेस म्हणजे चक्क अळीव! आपण बाळंतिणीला ज्याचे लाडू करून घालतो, त्याचा कोवळा पाला हे लोक चिरून खातात. दुसऱ्या दिवशी फ्रँकफर्टच्या क्लाइनमार्क्टहाले या मंडईत गेलो, तर सातही पाले एकत्र बांधलेली कागदाची गुंडाळी तयार विकायला होती. आपल्याकडे ऋषीपंचमीच्या भाजीचे वाटे मिळतात, तशी. ‘फ्रँकफुर्टर ग्र्युने झोसे’ या नावाला 2016 पासून युरोपचं भौगोलिक संरक्षण आहे.

त्याच खाणावळीत भाच्यानं ‘हांडकेज मिट म्युझिक’ही मागवलं होतं. नासवलेल्या दुधाचं छोटं, अर्धपारदर्शक चीज, वर कच्चा कांदा, तेल, व्हिनेगर आणि शहाजिऱ्यासारखं जिरं. ‘म्युझिक’, म्हणजे संगीत, कशाला म्हणतात? कांदा पोटात गेल्यावर जे पुढं वाजतं त्याला. वास असा, की हे बाकावरच मागं सरकले. मी दोन घास खाल्ले आणि सोडलं. सगळंच आवडलं पाहिजे असा काही करार झाला नव्हता.

भाचा रात्रीच्या गाडीनं परत गेला. जाताना एवढंच म्हणाला, की गाव बदललं की आधीच्या गावात काय खाल्लं ते विसरायचं, आणि ह्यांच्यासाठी ‘मांसाशिवाय’ म्हणून थांबायचं नाही, ‘श्पेकशिवाय’ हेही सांगायचं. श्पेक म्हणजे डुकराच्या चरबीचे खारवलेले, धुरी दिलेले तुकडे. बटाट्याच्या सॅलडात, कोबीत, डाळीत ते सहज पडतात, आणि पुष्कळांच्या हिशेबी ते मांसात धरत नाहीत, ती फोडणी असते. आपल्याकडे पाहुण्याला ‘अहो, नुसता रस्सा आहे, फोड नाही घातली’ म्हणतात, त्यातलाच प्रकार.

कोलोनला आम्ही दोघंच. मेनू जर्मनमध्ये, त्यातही कोलोनच्या बोलीत. मी ‘हाल्वर हान’ मागवलं, कारण फोनवर अर्थ आला ‘अर्धा कोंबडा’. ह्यांनी ‘हिमल उन एड’ मागवलं, कारण अर्थ आला ‘आकाश आणि पृथ्वी’ आणि खुलासा होता: आकाशातलं सफरचंद, जमिनीतला बटाटा. शाकाहारी माणसाला याहून काय हवं? ‘श्पेकशिवाय’ हेही त्यांनी पाठ केल्याप्रमाणे सांगितलं.

माझ्यापुढं आला राईचा छोटा पाव, हाताच्या बोटाएवढी जाड गौडा चीजची चकती, मोहरीचा सॉस आणि कांदा. कोंबड्याचं पीसही नाही. ह्यांच्यापुढं आली सफरचंद घातलेली बटाट्याची मऊ भाजी आणि तिच्यावर दिमाखात बसलेल्या काळ्या सॉसेजच्या तळलेल्या चकत्या. फ्लोन्त्स, म्हणजे रक्ताचं सॉसेज. श्पेक नव्हताच, शब्दाला जागले होते बिचारे. ताटांची अदलाबदल झाली. भाजीही सॉसेजला लागलेली, त्यामुळे ती पण माझ्याकडेच. ह्यांनी पाव-चीज आनंदानं संपवलं. अजूनही कोणी विचारलं तर ‘जर्मनीत अर्धा कोंबडा खाल्ला’ म्हणून सांगतात.

आता माझं. आमच्या घरात डुक्कर कधी शिजलं नाही. पण लग्नानंतर गोव्याला एका घरी सोरपोतेल खाल्लं होतं, त्यामुळे तो विषय तेव्हाच मिटला होता. आणि रक्ताचं म्हणाल तर कोल्हापुरात रक्ती-मुंडी खाऊन वाढलेल्या बाईला त्याचं काय! फ्लोन्त्स रक्तीपेक्षा मऊ निघाला, थोडासा गोडसर, आणि सफरचंदाच्या आंबटपणानं त्याचा जडपणा तोडला. तिथं मला भाच्याचं म्हणणं पहिल्यांदा पुरतं पटलं. आपण चरबी कापतो तिखटानं, हे लोक कापतात आंबटानं. मग कुठं सफरचंद, कुठं व्हिनेगर, कुठं आंबवलेला कोबी.

त्या खाणावळीत आणखी एक गंमत झाली. तिथली बिअर, क्योल्श, 200 मिलिलिटरच्या उभट ग्लासात येते. एक चाखून बघावी म्हणून मी घेतली. संपते न संपते तोच निळ्या एप्रनातल्या वाढप्यानं, त्याला ‘कोबेस’ म्हणतात, न विचारता दुसरी ठेवली आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं रेघ ओढली. मी नको-नको करेपर्यंत तिसरी. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी खुणेनं दाखवलं, की पुठ्ठा ग्लासावर झाकण म्हणून ठेवायचा. पंगतीत पानावर आडवा हात धरतात ना, तसंच. तो ठेवला आणि कोबेस निघून गेला. ह्यांनी रेघा दोनदा मोजल्या.

प्रवासात दुपारचं जेवण बहुतेक वेळा स्टेशनवरच्या बेकरीत. पावाबद्दल मी आधी नाक मुरडत होते. पाव म्हणजे आपल्या डोक्यात मिसळीबरोबरचा पांढरा. इथला पाव राईच्या पिठाचा, काळसर, आंबवणाचा; वरची कड दातांना काम देते. भाकरीसारखा तो चावूनच गोड लागतो. पंपरनिकल नावाचा तर किमान 16 तास भाजतात, त्यात पिठातली साखर तपकिरी होते आणि गर्द रंग येतो. 2014 मध्ये जर्मनीनं आपली पाव-संस्कृती देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली. रात्री घरोघरी नुसता हा पाव, लोणी, चीज आणि काकडीचं लोणचं खातात, त्याला म्हणायचंच ‘आबेंडब्रोट’, संध्याकाळचा पाव. तिसऱ्या दिवसापासून आम्हीही हॉटेलच्या खोलीत तेच सुरू केलं. पैसेही वाचले.

न्युरेंबर्गला माझा माज उतरला. तिथली ब्राटवुर्स्ट बोटाएवढी, 7 ते 9 सेंटिमीटरची, डुकराच्या मांसात मार्जोरम नावाचा पाला घालून केलेली. बीच लाकडाच्या विस्तवावर भाजतात आणि जस्ती रंगाच्या ताटलीत सहा, आठ, दहा किंवा बारा अशा मोजून देतात. मी सहा घेतल्या. बाजूला आंबवलेला कोबी आणि पांढऱ्या किसाचा एक ढीग. खोबरं समजून मी चमचाभर तोंडात टाकलं.

ते खोबरं नव्हतं. ते क्रेन, म्हणजे हॉर्सरॅडिशचं किसलेलं मूळ. जिभेला काहीच कळलं नाही, सगळं नाकातून डोक्यात गेलं. डोळ्यांतून धारा. हे पाणी ओतायला लागले तर तेही सोड्याचं, फसफसणारं, कारण ‘गॅस नसलेलं’ म्हणायला आम्ही विसरलो होतो. मिनिटभरात सगळं ओसरलं, जिभेवर काही उरलं नाही. आणि मग आठवलं, की हे मला माहीत आहे. आई लोणच्यासाठी मोहरी फेसायची, तेव्हा वाटीवर वाकून बघितलं की अस्संच व्हायचं. म्हणजे तिखट इथंही होतं, मीच चुकीच्या जागी बघत होते. पुढच्या प्रत्येक घासाला चिमूटभर क्रेन लावून सहाच्या सहा संपवल्या.

शतावरीच्या कुळातली ती पांढरी श्पार्गल मात्र मला समजली नाही, खरं सांगते. तिचा हंगाम 24 जूनला, सेंट जॉनच्या दिवशी संपतो, त्यामुळे मे महिन्यात सगळा देश तिच्या मागे असतो. रस्त्याकडेला टपऱ्या, प्रत्येक हॉटेलात वेगळं मेनूकार्ड. उकडलेली श्पार्गल, वर लोण्या-अंड्याचा सॉस, बाजूला परत उकडलेला बटाटा. ह्यांनी चार वेळा खाल्ली. मी एकदा.

म्युनिकला पांढरं सॉसेज, वाइसवुर्स्ट, मी खाल्लं नाही, त्यात वासराचं मांस असतं. नुसतं बघितलं. गरम पाण्याच्या भांड्यात येतं, साल काढून गोड मोहरीबरोबर खातात आणि जुन्या रिवाजानं दुपारी बाराच्या घंटेआधी संपवतात. फ्रिज नव्हते तेव्हा सकाळी केलेलं ते दुपारपर्यंत टिकत नसे. आम्ही गेलो बिअरगार्टनमध्ये. चेस्टनटच्या झाडांखाली बाकं, आणि नियम असा, की पेय तिथलं घ्यायचं, जेवण मात्र घरून आणलं तरी चालतं. शेजारच्या टेबलावर एका कुटुंबानं चौकटीचं कापड अंथरलं, डबे उघडले, मुळ्याची गोल-गोल सलग चकती कापून तिला मीठ चोळलं आणि पाणी सुटायची वाट बघत बसले. मला एकदम पन्हाळ्याची सहल आठवली. साऱ्या जर्मनीत उजळ माथ्यानं माझा डबा उघडावा अशी ही एकच जागा, आणि नेमका त्या दिवशी डबा हॉटेलवर!

स्टुटगार्टला पोचलो त्या रात्री भाच्यानं स्वतः ‘लिन्झन मिट श्पेट्झ्ले’ केलं. अख्खे मसूर, गाजर आणि सेलरीच्या मुळाबरोबर शिजवलेले, दाटसर. श्पेट्झ्ले म्हणजे अंडं घातलेल्या कणकेचे तुकडे. पाटावर पीठ पसरून सुरीनं बारीक पट्ट्या थेट उकळत्या पाण्यात खरवडायच्या. ताटात दोन्ही एकत्र बघितलं आणि हे पहिल्यांदा आपणहून बोलले, “अगं, या तर चकोल्या!” खरंच होतं. वरणात कणकेची फळं. फक्त चिंच-गुळाऐवजी ताटात बसल्यावर वरून व्हिनेगर घालायचं, ज्याला जेवढं हवं तेवढं. श्पेक आणि सॉसेज त्यानं घातलेच नव्हते.

ते मसूरही साधे नव्हते. स्टुटगार्टजवळच्या श्वेबिश आल्ब या पठारावर पूर्वी मसूर पिकायचा. जमीन खडकाळ, हलकी, दुसरं फारसं काही येत नसे. मग मेहनत परवडेना आणि पीक बंद पडलं, बियाणंही नाहीसं झालं. आल्बचे जुने वाण 2006 मध्ये सापडले ते थेट रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे-पेढीत. तिथून मूठभर दाणे आणून वाढवत वाढवत आता परत पीक घेतात. मसुराचं झाड आडवं पडतं म्हणून त्यात आधाराला जव किंवा ओट पेरतात. आमच्या सासऱ्यांना ही मिश्र पेरणी सांगितली असती तर म्हणाले असते, यात नवीन ते काय?

मी दोनदा वाढून घेतलं आणि डब्याची आठवणही काढली नाही. मनातल्या मनात जरा फुशारकीही वाटली.

सकाळी उठले तर स्वयंपाकघरातून खमंग वास. भाच्यानं उरलेल्या माउलटाशन, पालक भरलेल्या चौकोनी करंज्या म्हणा, चिरून तव्यावर लोण्यात परतल्या होत्या आणि वर अंडी फोडली होती. तिथल्या घरांतली ही रीतच आहे, शिळ्या माउलटाशनचं असंच करतात. ओट्यावर माझा डबा, चिकटपट्टी सोललेली, आणि तव्यातली अंडी लालभडक.

“मामी, हा डबा इथंच ठेवून जाल ना?” तो मान वर न करता म्हणाला.