हामटा पास, जून: पुढच्या प्लेटा बसवल्या, गोळा टाचेखाली धरला

हामटा पास म्हणजे हिमाचलमधली कुल्लू आणि लाहौल जोडणारी खिंड. मायक्रोस्पाइक्स (बुटावर ताणून चढवायचा रबरी पट्टा, त्याला साखळीने जोडलेले पोलादी दात) यांच्याखाली बर्फ चिकटू नये म्हणून जेरीकॅनचं प्लॅस्टिक कापून प्लेटा बसवायच्या, हा मागच्या नोंदीतला उपाय फसला. बालू का घेरा हा मुक्काम (3,600 मी.) ते खिंड (4,270 मी.) हा चढ बिनबोभाट झाला. पलीकडच्या शिया गोरू मुक्कामाच्या बाजूने उतरायला लागल्यावर, तेही नेमक्या तीव्र टप्प्यात, मायक्रोस्पाइक्सखाली पुन्हा बर्फाचे गोळे.

गोळा धरतो कसा, ते एकदा नीट. जूनमधला बर्फ रात्री गोठतो, ऊन चढलं की ओला होतो. स्पाइक्सचं पोलाद मात्र पहाटेच्या थंडीतच असतं. शून्याच्या आसपासचा ओला बर्फ त्याला लागला की तिथेच गोठतो, मग त्या बर्फावर पुढचा बर्फ चिकटतो. दहा-बारा पावलांत तीन-चार सेंटिमीटरचा गोळा तयार. दात जेमतेम एक सेंटिमीटरचे, ते गोळ्याच्या पोटात बुडालेले, आणि वरचा माणूस गोल बुडाच्या पातेल्यावर उभा. रिकामा बूटसुद्धा याहून बरा धरतो.

प्लेट अशी होती: 1.5 मिमी जाडीचं प्लॅस्टिक, पुढच्या पावलाच्या आकाराचं, कडेला 5 मिमी मोकळं सोडून. तापवलेल्या खिळ्याने चार भोकं, चार झिपटाय, थेट साखळीला बांधलेले. फसायची पहिली दोन कारणं उघड आहेत. बर्फ लागण्याआधीच्या मोरेनवर (हिमनदीने आणून टाकलेल्या धोंड्यांच्या पट्ट्यावर) झिपटाय धोंड्यांना घासले आणि पुढचे दोन तुटले. मग प्लेट सैल होऊन फडफडायला लागली, प्लेट आणि तळवा यांच्या मध्ये बर्फ शिरला आणि तिथेच पाचर बसली. म्हणजे उपायानेच गोळ्याला घर दिलं.

तिसरं कारण जास्त बोचणारं. उतरताना वजन टाचेवर असतं. प्लेट पुढे, गोळा मागे! चढावरच्या चाचणीत सगळं छान दिसलं, त्याचं कारणही हेच.

आता टाचेला वेगळी प्लेट, खाली किंचित फुगीर. प्रत्येक पावलाला दाबली जाऊन उसळली की बर्फ झटकून टाकेल. दहा-बारा दातांच्या क्रॅम्पॉन्सना (बुटाखाली बांधायच्या लांब दातांच्या पोलादी चौकटींना) येणाऱ्या प्लेटा याच तत्त्वावर चालतात. (सरळ क्रॅम्पॉन्सच घ्या, असं कुणी सुचवण्याआधी: मऊ तळव्याच्या ट्रेकिंग बुटावर ते नीट धरत नाहीत, बूट वाकला की टाच सुटते.) झिपटायऐवजी 1.2 मिमीची जस्ताळलेली तार, दुहेरी. पिळाची टोकं प्लेटखाली दाबून टाकायची. वर राहिली तर रबराला भोक पाडतात. नायलॉनची दोरी नको, भिजून गोठते आणि गाठ सुटत नाही.

प्लेटला खालून मेणबत्ती घासून पाहिली. प्लॅस्टिकवर थोडा वेळ फरक पडतो, पोलादावर काडीचाही नाही. सिलिकॉन स्प्रेचं तेच, शिवाय तो रबराच्या पट्ट्याला लागला तर अख्खे स्पाइक्स बुटावरून सरकतात. विकत घेताना एवढंच पाहा: साखळीच्या कड्या जोडावर वेल्ड केलेल्या हव्यात. नुसत्या वाकवून मिटवलेल्या कड्या धोंड्यांवर उघडतात, आणि एक उघडली की त्या बाजूचे दात गेले.

एक गोष्ट मात्र जमली. गोळा पाडायला पोल (चालायची काठी) तळव्यावर मारायचा नाही, बुटाच्या बाहेरच्या कडेवर मारायचा. दर आठ पावलांनी एक टोला. थांबावं लागत नाही, तोलही जात नाही. सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीची नळीही या वेळी गोठली नाही. प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून नळीतलं पाणी मागे पिशवीत ढकललं की झालं.

हे लिहिताना वेळा पुन्हा पाहिल्या आणि सगळा विचारच फिरला. सहाला निघून खिंडीत 10:15. त्या वेळी उतारावर बूट घोट्यापर्यंत रुतत होता. एवढ्या मऊ बर्फात स्पाइक्सची गरजच काय? काढून सॅकला अडकवायचे, गुडघा किंचित सैल ठेवून टाच रोवत उतरायचं. बर्फच पायरी देतो. फक्त बर्फातून डोकं काढलेल्या धोंड्यांपासून दोन-तीन मीटर लांब राहायचं. धोंडा तापतो, त्याच्याभोवती खालून पोकळी होते, आणि पाय मांडीपर्यंत आत जातो.

म्हणजे प्लेट लागणार ती फक्त मधल्या तासाभरासाठी, बर्फ वरून ओला आणि खालून कडक असतो तेव्हा. तो तास टाळायचा तर चारला निघावं लागेल. चढ 670 मी., या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 60 टक्के, तेव्हा तासाला 150-160 मी. धरा. साडेआठच्या आत खिंड, उतारावर बर्फ अजून घट्ट, दात पूर्ण घुसतील. पण रात्री आभाळ स्वच्छ राहिलं तर तोच बर्फ काचेसारखा होतो, तिथे एक सेंटिमीटरचे दात आणि पोल पुरत नाहीत. आइस अ‍ॅक्स आणि पायऱ्या खोदणारा गाइड पुढे हवाच.

दुसरी अडचण म्हणजे पहिला तासभर मोरेनवर हेडटॉर्चच्या उजेडात चालणं. वाटेच्या खुणेसाठी रचलेले दगड अंधारात बाकीच्या दगडांसारखेच दिसतात. आदल्या दुपारी त्या पट्ट्यात वर जाऊन वाट पाहून यायची, तेवढीच उंचीची सवयही होते. बॅटऱ्या लिथियमच्या, अल्कलाइन थंडीत लवकर मान टाकतात.

तर सध्या असं: चारची सुरुवात पक्की, टाचेच्या प्लेटा सॅकमध्ये, बुटावर नाही. मोरेन संपून बर्फ लागला की मगच स्पाइक्सला चढवायच्या. तार हातमोज्यांनी पिळता येते का, ते आधी फ्रीजरमध्ये तासभर ठेवलेल्या स्पाइक्सवर पाहायचं आहे. नाही जमलं तर तारेऐवजी छोटे एस-हुक.